सिकलसेल: कळण्यापासून पोचण्यापर्यंतचा प्रवास

विज्ञानातल्या ताज्या घडामोडी त्यांच्या इतिहासासकट समजून घ्यायच्या, असं या मालिकेत आपण ठरवलेलं आहे. आजचा विषय सिकलसेल आजार आणि त्यावर आलेला जनुक-दुरुस्तीचा उपचार.

सुरुवात २०२३ या एका वर्षापासून करू. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशात शहडोल इथे 'राष्ट्रीय सिकलसेल ॲनिमिया निर्मूलन मिशन' सुरू झालं. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची रक्ततपासणी करायची आणि २०४७ पर्यंत हा आजार सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न म्हणून उरू द्यायचा नाही, असं त्याचं उद्दिष्ट. बरोबर साडेचार महिन्यांनी, १६ नोव्हेंबर २०२३ रोजी, ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं 'कॅसजेव्ही' या उपचाराला मान्यता दिली. ८ डिसेंबरला अमेरिकेनं दिली. क्रिस्पर या जनुक कापण्याच्या तंत्रावर आधारलेला, मान्यता मिळालेला हा जगातला पहिला उपचार. अमेरिकेत त्याची किंमत ठरली एका रुग्णासाठी २२ लाख डॉलर. तेव्हाच्या दरानं साधारण अठरा कोटी रुपये.

म्हणजे बघा, एकाच वर्षात, एकाच आजाराच्या बाबतीत, एका टोकाला अठरा कोटींचा उपचार आणि दुसऱ्या टोकाला 'आधी रक्त तपासून तर घ्या' अशी मोहीम. ही दोन टोकं इतकी लांब का आहेत, हे आज आपल्याला पाहायचं आहे. त्यासाठी जवळजवळ एकशे वीस वर्षं मागे जावं लागेल.

१९०४ साल. वेस्ट इंडीजमधल्या ग्रेनाडा बेटावरचा वॉल्टर क्लेमेंट नोएल नावाचा तरुण दंतवैद्यक शिकायला शिकागोला आला. डिसेंबरात तो तिथल्या प्रेस्बिटेरियन रुग्णालयात दाखल झाला. अर्नेस्ट आयर्न्स या शिकाऊ डॉक्टरनं त्याचं रक्त सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर गोल तांबड्या पेशींच्या जोडीला लांबट, वाकड्या, विळ्यासारख्या पेशी दिसल्या. आयर्न्सचे वरिष्ठ डॉ. जेम्स हेरिक यांनी त्या रुग्णावर बराच काळ लक्ष ठेवलं आणि १९१० मध्ये निबंध प्रसिद्ध केला. पाश्चात्त्य वैद्यकात या आजाराची पहिली नोंद ती. निबंधात रुग्णाचं नाव नव्हतं. नोएल शिक्षण पुरं करून ग्रेनाडाला परतला, तिथे दाताचा दवाखाना चालवला आणि १९१६ मध्ये न्यूमोनियानं, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी वारला. 'सिकलसेल ॲनिमिया' हे नाव पुढे १९२२ मध्ये व्हर्न मेसन यांनी दिलं.

आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. नोंद १९१० ची असली तरी आजार त्याच्या कितीतरी आधीपासून माणसांत होता. आफ्रिकेत होता, अरबस्तानात होता, आपल्याकडे होता. सांधे धरतात, अंग ठणकतं, पोर वाढत नाही, डोळे पिवळे होतात, हे घरोघरी माहीत होतं. फक्त ही सगळी लक्षणं एकाच कारणाची, हे कुणाला ठाऊक नव्हतं.

कारण नेमकं काय, ते थोडक्यात सांगतो. आपल्या तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन असतं, ते प्राणवायू वाहून नेतं. सिकलसेल असलेल्या माणसाच्या हिमोग्लोबिननं प्राणवायू सोडला, की त्याचे रेणू एकमेकांना चिकटून लांब काड्या तयार होतात. त्या काड्यांच्या ताणानं मऊ, गोल पेशी ताठर आणि वाकडी होते. बारीक रक्तवाहिनीत ती अडकते, पुढे रक्त जात नाही, आणि असह्य वेदना सुरू होतात. डॉक्टर त्याला 'क्रायसिस' म्हणतात. निरोगी तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते, ही दहा-वीस दिवसांत मोडते, म्हणून पंडुरोग. पांथरी लहानपणीच निकामी होत जाते. म्हणून साध्या जंतुसंसर्गानंही मूल दगावू शकतं. थंडी, उन्हाची तलखी, पाणी कमी पडणं, अतिश्रम, ताप, यांतलं काहीही क्रायसिसला पुरतं. आता ज्या कुटुंबांचं पोटच उन्हातल्या मजुरीवर चालतं, त्यांना 'जपून राहा' हा सल्ला कितपत उपयोगी पडणार, ते तुम्हीच बघा.

पुढचा टप्पा १९४९ चा. रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग यांनी विल्यम कॅसल या डॉक्टरांकडून या आजाराची माहिती ऐकली होती. पेशी वाकडी होते ती प्राणवायू कमी असताना, म्हणजे दोष हिमोग्लोबिनमध्येच असणार, असं त्यांच्या डोक्यात आलं. त्यांनी आणि हार्वे इटानो वगैरे सहकाऱ्यांनी विद्युतक्षेत्रात निरोगी माणसाचं आणि रुग्णाचं हिमोग्लोबिन सोडलं. दोन्ही वेगवेगळ्या वेगानं सरकली. 'सायन्स' नियतकालिकातल्या त्यांच्या निबंधानं सिकलसेलला 'रेणूचा आजार' म्हटलं. एखाद्या रोगाचं मूळ एका रेणूच्या घडणीत आहे, असं ठामपणे दाखवण्याची वैद्यकातली ही पहिली वेळ. त्याच वर्षी जेम्स नील यांनी त्याची आनुवंशिकताही स्पष्ट केली. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता २५ टक्के, वाहक असण्याची ५० टक्के आणि दोन्ही नसण्याची २५ टक्के. १९५४ मध्ये अँथनी ॲलिसन यांनी दाखवलं, की वाहक माणसाला फाल्सिपॅरम जातीच्या जीवघेण्या हिवतापापासून बरंच संरक्षण मिळतं. हे जनुक हिवतापाच्या प्रदेशांतच का टिकून राहिलं, त्याचं उत्तर मिळालं. आणि १९५६-५७ मध्ये केंब्रिजमध्ये व्हर्नन इंग्रॅम यांनी नेमका फरक शोधला: हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीतल्या सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन. शेकडो अमिनो आम्लांच्या रेणूत एका जागेचा बदल, आणि त्यातून आयुष्यभराचं दुखणं.

म्हणजे १९५७ पर्यंत आजार कळला होता. इतका खोलवर कळलेला दुसरा आजार त्या काळात नव्हता. मग उपचार कधी आला? त्यासाठी खास मान्यता मिळालेलं पहिलं औषध अमेरिकेत आलं १९९८ मध्ये. मधे चाळीसहून जास्त वर्षं गेली. ती कशात गेली?

काही वर्षं खरोखरच विज्ञानाच्या अडचणीत गेली, हे मान्य करायला हवं. दोष माहीत असणं आणि तो शरीरातल्या अब्जावधी पेशींत दुरुस्त करता येणं यांत फार अंतर आहे. पण सगळंच अंतर विज्ञानाचं नव्हतं. अमेरिकेत हा आजार मुख्यतः काळ्या लोकांचा. संशोधनाला पैसा फारसा नव्हता. १९७२ मध्ये त्यासाठी केंद्रीय कायदा झाला, तेव्हा कुठे निधीचा ओघ थोडा वाढला. आणि त्याच सुमारास दुसरंही घडत होतं. अनेक राज्यांनी काळ्या लोकांसाठी सक्तीच्या तपासणीचे कायदे केले. वाहक म्हणजे रोगी नव्हे, हे धड समजावून न सांगता तपासणी झाली; पुष्कळांना नोकरीत आणि विम्यात भेदभाव सोसावा लागला. अमेरिकन हवाई दलाची अकादमी तर १९८१ पर्यंत वाहकांना प्रवेशच देत नव्हती. खुद्द पॉलिंग यांनी १९६८ मध्ये लिहिलं होतं, की वाहक तरुणांच्या कपाळावर खूण गोंदावी, म्हणजे दोन वाहक एकमेकांच्या प्रेमात पडणार नाहीत. दोन नोबेल मिळवलेला माणूस हा. ज्यानं रोगाचं मूळ शोधलं, त्यालाच रोग्यांच्या समाजात त्या खुणेचं काय होईल ते दिसलं नाही.

ग्रीसमधलं ओर्खोमेनोस गाव हे याच गोष्टीचं आणखी एक उदाहरण. तिथे वाहकांचं प्रमाण मोठं होतं. संशोधकांनी सगळ्या गावाची तपासणी केली आणि वाहकांनी आपसात लग्न करू नये असा सल्ला दिला. काही वर्षांनी परत जाऊन पाहिलं, तर वाहक मुलामुलींकडे गाव कमीपणानं पाहत होतं, लग्नं जुळेनात, म्हणून काही कुटुंबांनी ही गोष्ट लपवली. आणि दोन वाहकांची लग्नं व्हायची तशी होतच राहिली. हे निष्कर्ष १९७४ मध्ये प्रसिद्ध झाले. आज पन्नास वर्षांनी आपण सात कोटी लोकांना कार्डं वाटायला निघालो आहोत, तेव्हा हे गाव आपल्याला माहीत असलेलं बरं.

आता आपल्याकडे येऊ. भारतात हा आजार असल्याची नोंद १९५२ ची. लेहमन आणि कटबुश यांनी निलगिरीतल्या आदिवासींमध्ये तो दाखवून दिला. त्याच वर्षी आसामच्या चहामळ्यांतल्या मजुरांमध्येही सापडला. १९५८ मध्ये नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या वाहकांबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं. म्हणजे विदर्भाचं नाव या विषयाच्या जागतिक साहित्यात इंग्रॅम यांच्या शोधानंतर वर्षभरातच आलं. पुढे चित्र स्पष्ट होत गेलं: गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, मेळघाट, आणि वायव्येला सातपुड्यातला नंदुरबार. गोंड, माडिया, परधान, भिल्ल, पावरा अशा समाजांत, आणि विदर्भात अनुसूचित जाती आणि इतर मागासवर्गातल्या काही समाजांतही. काही समाजांत शंभरात वीसपेक्षा जास्त माणसं वाहक आहेत. सिकलसेल घेऊन जन्मणाऱ्या बाळांची संख्या ज्या देशांत सगळ्यांत मोठी, त्यांत नायजेरिया, काँगो यांच्या जोडीनं भारताचं नाव येतं.

आपल्याकडच्या रुग्णांबद्दल एक समजूत बरीच वर्षं होती: भारतातला सिकलसेल सौम्य असतो. तिला आधार होता. भारत आणि अरबस्तानाच्या पूर्व भागातल्या रुग्णांत गर्भ-हिमोग्लोबिन जास्त आढळतं. पण सरासरी सौम्य म्हणजे प्रत्येकाचं सौम्य नव्हे. मध्य भारतातल्या रुग्णालयांत तीव्र क्रायसिसनं येणारी मुलं कमी नाहीत. या समजुतीनं उपचारांची निकड मात्र कमी वाटत राहिली.

हे गर्भ-हिमोग्लोबिन काय आहे? आईच्या पोटात असताना बाळाकडे वेगळ्या प्रकारचं हिमोग्लोबिन असतं. जन्मानंतर काही महिन्यांत त्याची जागा प्रौढ हिमोग्लोबिन घेतं. १९४८ मध्ये ब्रुकलिनच्या बालरोगतज्ज्ञ जॅनेट वॉटसन यांनी निरीक्षण नोंदवलं, की सिकलसेलचं जनुक असलेल्या नवजात बाळांच्या पेशी फारशा वाकड्या होत नाहीत, आणि याचं श्रेय गर्भ-हिमोग्लोबिनला असावं. १९४८, हे वर्ष ध्यानात ठेवा. कारण आजचा अठरा कोटींचा उपचारही याच निरीक्षणावर उभा आहे.

पण त्याच्या आधीची दोन साधी पावलं सांगू द्या. पहिलं पेनिसिलिन. १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या चाचणीत लहान मुलांना रोज तोंडावाटे पेनिसिलिन दिलं, तर न्यूमोकॉकस जंतूंचा गंभीर संसर्ग ८४ टक्क्यांनी कमी झाला. फरक इतका स्पष्ट होता, की चाचणी वेळेआधी थांबवावी लागली. पण हे औषध द्यायचं तर बाळाला आजार आहे हे दोन-तीन महिन्यांच्या आत कळायला हवं. म्हणजे नवजात बाळांची तपासणी हवी. दुसरं पाऊल हायड्रॉक्सियुरिया. हे मूळचं रक्ताच्या कर्करोगावरचं जुनं औषध. ते गर्भ-हिमोग्लोबिन वाढवतं. १९९५ मध्ये प्रौढांवरच्या चाचणीत वेदनेचे झटके जवळजवळ निम्म्यानं कमी झाले. तीही चाचणी आधीच थांबवली, आणि १९९८ मध्ये मान्यता मिळाली. मघाशी म्हटलं ते पहिलं औषध हेच. आज त्याची जेनेरिक कॅप्सूल भारतात बनते आणि स्वस्त आहे. अडचणी आहेत: ठरावीक काळानं रक्त तपासावं लागतं, आणि नेहमीची कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची, ती दहा-बारा किलोच्या पोराला कशी द्यायची हा प्रश्न पडतो. पण या अडचणी सुटण्यासारख्या आहेत. त्यांना नवं तंत्रज्ञान लागत नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषधाचा साठा, तपासणीची सोय आणि समजावून सांगणारं माणूस लागतं.

आता जनुक-दुरुस्ती. हा धागा वेगळ्याच ठिकाणाहून आला. १९८७ मध्ये जपानच्या ओसाका विद्यापीठात जंतूंच्या डीएनएमध्ये पुन्हा पुन्हा येणारा एक विचित्र क्रम दिसला. स्पेनमध्ये फ्रान्सिस्को मोखिका यांना तो मिठागरातल्या सूक्ष्मजीवांत सापडला, आणि २००५ मध्ये त्यांनी मांडलं, की ही जंतूंची विषाणूंविरुद्धची स्मरणवही असावी. २००७ मध्ये दही-चीजचं विरजण बनवणाऱ्या डॅनिस्को कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी ते प्रयोगानं सिद्ध केलं. २०१२ मध्ये जेनिफर डाउडना आणि इमॅन्युएल शार्पेंतिए यांनी याच यंत्रणेतून हव्या त्या जागी डीएनए कापणारी कात्री बनवून दाखवली. २०२० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं.

इकडे बॉस्टनमध्ये २००८ मध्ये स्टुअर्ट ऑर्किन, विजय शंकरन वगैरेंनी दाखवलं, की जन्मानंतर गर्भ-हिमोग्लोबिन बंद करण्याचं काम मुख्यतः बीसीएल-११-ए नावाचं जनुक करतं. मग युक्ती अशी निघाली: सहाव्या जागेची मूळ चूक तशीच राहू द्यायची, आणि तांबड्या पेशी घडवणाऱ्या मूलपेशींत या जनुकाचं बटण तेवढं कात्रीनं निकामी करायचं. गर्भ-हिमोग्लोबिन परत वाहू लागतं. जॅनेट वॉटसन यांनी बाळांत पाहिलं तेच आता मोठ्या माणसात घडवायचं. जुलै २०१९ मध्ये अमेरिकेत नॅशव्हिल इथे मिसिसिपीच्या व्हिक्टोरिया ग्रे यांना या पेशी दिल्या गेल्या. मान्यतेच्या वेळी पुरेसा काळ निरीक्षणाखाली असलेल्या ३१ रुग्णांपैकी २९ जणांना सलग किमान बारा महिने एकही तीव्र क्रायसिस आलेला नव्हता.

हे यश मोठं आहे, त्यात शंका नाही. पण उपचार म्हणजे नुसतं इंजेक्शन नव्हे. रुग्णाच्या मूलपेशी रक्तातून वेगळ्या काढायच्या, प्रयोगशाळेत पाठवायच्या, तिथे दुरुस्त होऊन यायला काही महिने. मग तीव्र केमोथेरपी देऊन जुना अस्थिमज्जा रिकामा करायचा, नव्या पेशी सोडायच्या आणि त्या रुजेपर्यंत कित्येक आठवडे रुग्णालयात राहायचं. केमोथेरपीनं वंध्यत्वाचा धोका असतो. जिथे लग्न आणि मूल यांवर माणसाची किंमत ठरते, तिथे हा धोका लहान नाही. नवं ते सगळं टिकतंच असंही नाही. व्होक्सेलोटर हे सिकलसेलवरचं औषध २०१९ मध्ये मोठ्या आशेनं आलं. सुरक्षिततेच्या शंकांमुळे सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीनं ते जगभरातून मागे घेतलं.

भारतातही काम चालू आहे. दिल्लीच्या आयजीआयबी संस्थेत देबज्योती चक्रवर्ती, सौविक मैती यांच्या गटानं स्वतःचं क्रिस्पर तंत्र विकसित केलं. २०२० मधली कोविडची 'फेलुदा' चाचणी त्यांचीच. नोव्हेंबर २०२५ मध्ये सिकलसेलवरच्या त्यांच्या जनुक-उपचाराला बिरसा मुंडांच्या नावावरून 'बिरसा १०१' असं नाव देण्यात आलं, आणि पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटशी करार झाला. किंमत अमेरिकेच्या कितीतरी पट खाली आणण्याची उमेद आहे. रुग्णांवरच्या चाचण्यांत तो उतरावा, अशी आपली सगळ्यांचीच इच्छा आहे. मात्र किंमत कितीही उतरली, तरी अस्थिमज्जा रोपणाची सोय असलेलं रुग्णालय लागणारच, आणि धडगाव किंवा भामरागडपासून असं रुग्णालय किती लांब आहे हे इथे बसलेल्यांना सांगायला नको.

या सगळ्या इतिहासाकडे एकत्र पाहिलं, तर आम्हाला तीन गोष्टी दिसतात.

पहिली: ज्ञान आणि उपचार यांच्यातला काळ आपोआप भरत नाही. आजार कुणाचा आहे यावर तो कमीजास्त होतो.

दुसरी: तपासणी ही मदत होईल की डाग, हे तपासणीनंतर काय मिळतं यावर ठरतं. हातात कार्ड आलं, पण त्याबरोबर समुपदेशन नाही, पेनिसिलिन नाही, हायड्रॉक्सियुरिया नाही, तर त्या कार्डाचा एकच उपयोग उरतो, लग्न मोडण्याचा. २०१६ च्या अपंग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, म्हणजे रुग्णाचे काही हक्क कागदावर आलेले आहेत. ते प्रमाणपत्र मिळवायला किती खेटे घालावे लागतात, हेही मिशनच्या हिशेबात यायला हवं.

तिसरी: निर्मूलन हा शब्द जपून वापरावा. जनुक लोकांतून पुसता येत नाही; हिवतापाच्या जंगलात याच जनुकानं कित्येक पिढ्यांना तारलेलं आहे. कमी करता येतात त्या वेदना, आणि लहान मुलांचे मृत्यू. म्हणून येत्या वर्षांत किती कोटी लोक तपासले हा आकडा जाहीर होईल, तेव्हा आपण सगळ्यांनी पुढचे दोन आकडेही विचारावेत: सापडलेल्या रुग्णांपैकी किती जण सहा महिन्यांनंतरही नियमित औषध घेत आहेत, आणि सिकलसेल असलेली किती बाळं पाचवा वाढदिवस पाहतात.

जनुक-कात्रीचं काम जोरात चालू राहावं, त्यात कुणाचंच दुमत नसावं. पण ती रानावनातल्या वस्तीवर पोचेपर्यंत १९८६ ची गोळी आणि १९९८ ची कॅप्सूल पोचायला हरकत कुणाची आहे, हा प्रश्न आम्ही तुमच्यापुढे ठेवतो आणि इथे थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.